घोणसाचे विष आणि काचेच्या नळीतली वीस मिनिटे

घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून आणि लघवीवाटे रक्त येऊ लागले की सोबतचे नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात, की रक्त थांबत का नाही. याचे उत्तर पटकन पटण्यासारखे नाही, पण ते शब्दशः खरे आहे. रक्त गोठण्यासाठी लागणारे साहित्य शरीराच्या आतच गोठण्यात खर्च होऊन गेलेले असते. विष रक्ताला जागोजागी, जखम नसतानाही, गोठायला लावते आणि काही तासांतच यकृताने तयार करून ठेवलेला साठा संपला की खऱ्या जखमेवर बसवायला काही उरत नाही. पेशीला होणारी इजा, पेशीचा मृत्यू आणि रक्ताची गुठळी हे विषय पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, आणि विद्यार्थीही ते वेगवेगळेच पाठ करतात. घोणसाच्या दंशात ते एकाच रुग्णात, एकाच रात्रीत, एकमेकांत गुंतलेले दिसतात. म्हणून शिकवताना मी नेहमी हेच उदाहरण घेते आणि आज ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

आधी निरोगी रक्तवाहिनीत काय घडते ते पाहू. वाहिनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकपदरी थर असतो आणि तो शाबूत असेपर्यंत रक्त वाहते ठेवणे हे त्याचे अखंड चाललेले काम असते. विळा लागून वाहिनी कापली गेली की त्या थराखालचे कोलॅजेन उघडे पडते, व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचे प्रथिन त्याला चिकटते आणि वाहत्या रक्तातील प्लेटलेट त्या प्रथिनाला धरून तिथे थांबतात, आकार बदलतात आणि स्वतःतली रसायने बाहेर टाकून आणखी प्लेटलेटना बोलावून घेतात. नुसत्या प्लेटलेटचा हा ढीग मात्र फार वेळ टिकत नाही. त्याच वेळी जखमी जागेतील टिश्यू फॅक्टर सातव्या फॅक्टरला (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना असे क्रमांक दिलेले आहेत) धरतो, ती जोडी दहाव्या फॅक्टरला जागे करते, दहावा फॅक्टर पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून न विरघळणारे धागे, म्हणजे फायब्रिन, तयार करते. प्लेटलेट हे दगड मानले तर फायब्रिन हा त्यांच्यामधला चुना, आणि तो चुना पक्का करण्याचे काम शेवटी तेरावा फॅक्टर करतो.

ही साखळी फक्त जखमेच्या जागीच चालावी यासाठी शरीराने मोठा बंदोबस्त केलेला आहे. अँटीथ्रॉम्बिन मोकळ्या थ्रॉम्बिनला निकामी करते, प्रोटीन सी पाचव्या आणि आठव्या फॅक्टरला आवर घालते आणि प्लाझ्मिन काम संपलेल्या गुठळीचे धागे कापून टाकते. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते हे दाखवले. तेव्हापासून नको तिथे गुठळी होण्याची कारणे तीन गटांत मांडली जातात: वाहिनीच्या भिंतीला इजा, प्रवाहातील बिघाड आणि रक्ताच्याच घडणीतील बदल. हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा पहिल्या कारणापासून सुरुवात होते. घोणस सुरुवात करतो ती तिसऱ्यापासून, आणि पहिले कारणही सोबत घेऊनच येतो.

या विषात दहाव्या फॅक्टरला थेट जागे करणारे एक एन्झाइम असते आणि पाचव्या फॅक्टरला जागे करणारे दुसरे. म्हणजे साखळी जिथे एकवटते नेमक्या त्याच दोन कड्यांवर विष बोट ठेवते. टिश्यू फॅक्टर, सातवा, आठवा, नववा हे सगळे वरचे टप्पे ओलांडले जातात आणि त्या टप्प्यांवरचे नियंत्रणही निरुपयोगी ठरते. थ्रॉम्बिन सर्वत्र तयार होऊ लागते आणि फायब्रिनोजेनचे धागे होत जातात. निरोगी माणसाच्या १०० मिली प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन असते. गंभीर दंशात हा आकडा इतका खाली जातो की लॅबमधील यंत्राला तो मोजताही येत नाही. तयार झालेले धागे प्लाझ्मिन लगेच कापत सुटते, त्यामुळे मोठी गुठळी सहसा कुठे सापडत नाही, मात्र कापलेल्या तुकड्यांचा, म्हणजे डी-डायमरचा, आकडा प्रचंड वाढलेला मिळतो. पाचवा आणि दहावा फॅक्टरही वापरले जातात आणि पुष्कळदा प्लेटलेटही कमी होतात.

एवढ्यावर भागत नाही. विषातील मेटॅलोप्रोटिनेज गटातील एन्झाइमे केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणारा पायाभूत पडदा कुरतडतात. एरवी फायब्रिनोजेन नसलेले रक्तही भिंत धड असेल तर वाहिनीतच राहते. इथे भिंत गळू लागते आणि त्याच वेळी गळती बुजवणारे साहित्य संपलेले असते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळेच मेंदूत, आतड्यात किंवा मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत रक्तस्राव होतो. नुसते विषाचे एक एन्झाइम डोळ्यांसमोर ठेवून ही तीव्रता समजत नाही, आणि माझ्या मते अध्यापनात हा मुद्दा नेहमी कमी पडतो.

याच विषाने रक्तशास्त्राला किती मदत केली हेही सांगायला हवे. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी अतिशय सौम्य केलेले घोणसाचे विष हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या, रुग्णाच्या जखमेवर बाहेरून लावून रक्तस्राव थांबवता येतो असे दाखवले. हिमोफिलियात आठवा किंवा नववा फॅक्टर कमी असतो आणि विष त्यांना वगळून दहाव्यावर काम करते, म्हणून हे शक्य झाले. याच मॅकफार्लेन यांनी १९६४ मध्ये रक्त गोठण्याची प्रक्रिया ही एकापुढे एक एन्झाइमांची साखळी आहे अशी मांडणी केली, आणि आजही आम्ही तीच फळ्यावर काढतो. आज मोठ्या लॅबच्या फ्रीजमध्ये घोणसाचे सौम्य केलेले विष एका चाचणीचे रसायन म्हणून ठेवलेले असते. ज्या स्त्रियांचे पुन्हापुन्हा गर्भपात होतात किंवा ज्या तरुण रुग्णांना कारण नसताना पायाच्या शिरेत गुठळी होते, त्यांच्या रक्तात विशिष्ट अँटीबॉडी आहेत का, हे त्या चाचणीने शोधले जाते.

आता काचेच्या नळीकडे येते. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता फायब्रिनोजेन मोजण्याची सोय नसते. तिथे दोन मिली रक्त शिरेतून काढून नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालतात आणि नळी न हलवता वीस मिनिटे ठेवून एकदाच तिरकी करतात. निरोगी रक्ताचा तोवर घट्ट गोळा झालेला असतो, तो नळीच्या बुडाशी चिकटून राहतो आणि नळी उलटी केली तरी हलत नाही. दंश झालेल्या रुग्णाचे रक्त मात्र नळी तिरकी होताच काचेवरून सरळ घसरते, मागे एक पातळ लाल पडदा सोडते आणि वरच्या कडेपर्यंत येते. कधी त्यात एखादा मऊ, फाटका गोळा तरंगताना दिसतो आणि हात लावण्याआधीच तो विस्कटतो. तोही न गोठल्यातच धरायचा असतो. काच इथे केवळ भांडे नाही. काचेच्या पृष्ठभागावर बारावा फॅक्टर जागा होतो आणि त्यातून गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत हे नीट घडत नाही, साबणाने धुतलेल्या काचेतही घडत नाही, आणि मग धडधाकट माणसाचे रक्तही पातळ राहून चाचणी चुकीचे उत्तर देते.

मी पूर्वी काम केलेल्या एका रुग्णालयात खरेदीच्या यादीतून काचेच्या नळ्या कायमच्या वगळल्या गेल्या, कारण सगळ्या तपासण्या आता प्लास्टिकच्या व्हॅक्युम नळ्यांत होतात असे सांगण्यात आले. वॉर्डातल्या सिस्टर जुन्या नळ्या धुऊन वापरू लागल्या. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, पण ज्यांना विषबाधा झालीच नव्हती अशांना प्रतिविष दिले जाऊ लागले, आणि प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनत असल्याने त्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. काही रुपयांची नळी आणि एक घड्याळ एवढ्याच साधनावर इतका मोठा निर्णय उभा असेल तर ती नळी कोणती हे लॅबने लक्ष घालून पाहायलाच हवे. ही चाचणी फार बारीक नाही, सौम्य बिघाड तिच्या नजरेतून सुटतो, म्हणून जिथे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारी लॅबची तपासणी) करता येतो तिथे तो करावाच. प्रतिविष दिल्यानंतर चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. विष निकामी झाले तरी नवे फायब्रिनोजेन यकृतालाच तयार करावे लागते, आणि रक्त पुन्हा गोठू लागेल इतका साठा व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. अर्ध्या तासाने पुन्हा नळी तिरकी करून घाबरून आणखी प्रतिविष चढवण्यात अर्थ नसतो.

आता दंश झालेल्या पायाकडे पाहू, कारण पेशींच्या इजेचा धडा तिथे उघड दिसतो. विषातील फॉस्फोलायपेज ए२ हे एन्झाइम पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ तोडते. पेशीचे जगणे आवरणावर टिकून असते. आतले सोडियम बाहेर फेकणारा पंप त्यातच असतो आणि तो पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, तयार होणाऱ्या एटीपी या इंधनावर चालतो. रक्तपुरवठा तुटला म्हणजे एटीपी घटते, पंप मंदावतो, सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. इथपर्यंतची इजा परतीची असते. प्राणवायू वेळेत मिळाला तर पेशी पाणी बाहेर टाकून पूर्ववत होते. परतीची वाट बंद होते ती दोन गोष्टींनी: मायटोकॉन्ड्रिया पुन्हा चालू होण्यापलीकडे बिघडतात आणि आवरण फाटते. मग बाहेरचे कॅल्शियम आत घुसते आणि पेशीचीच एन्झाइमे पेशीला पचवू लागतात. विषाचे वेगळेपण असे, की ते थेट आवरणापासून सुरुवात करते. म्हणून दंशाभोवतीचे स्नायू आणि त्वचा काही तासांत सुजतात, फोड येतात आणि पुढे त्या जागेचे मांस काळे पडते.

या पार्श्वभूमीवर करकचून दोरी बांधण्याची जुनी पद्धत किती घातक आहे ते समजते. आधीच आवरणे फाटत असलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा आपण हाताने तोडतो, म्हणजे विषाने केलेल्या इजेत प्राणवायूच्या अभावाची भर घालतो. दोरी सोडल्यावर रक्त परत धावते तेव्हा अर्धमेल्या मायटोकॉन्ड्रियांत अचानक आलेल्या प्राणवायूपासून हानिकारक मुक्त मूलके तयार होतात आणि उरलेल्या पेशींतल्याही काही मरतात. दंशाच्या जागी ब्लेडने चिरा देणे हे तर त्याहून वाईट, कारण ज्या रक्तात फायब्रिनोजेन उरलेले नाही त्या रक्ताला आपण नवे दार उघडून देतो. पाय न हलवता, अंगठ्या-तोडे काढून, रुग्णाला आडवे ठेवून लवकर रुग्णालयात नेणे एवढेच घरच्यांच्या हातात असते आणि तेच खरे उपयोगाचे असते.

घोणसाच्या दंशातून वाचलेल्या रुग्णाचा जीव पुष्कळदा मूत्रपिंडात अडकतो. विष, पडलेला रक्तदाब, बारीक वाहिन्यांतील फायब्रिनचे धागे आणि फुटलेल्या स्नायूंतून व तांबड्या पेशींतून आलेली रंगद्रव्ये हे सगळे तिथे एकाच वेळी येऊन आदळतात. हृदयाने बाहेर फेकलेल्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना मिळतो, तरी त्यांच्या आतल्या पट्ट्यातील नलिका एरवीही जेमतेम प्राणवायूवर काम करतात. पुरवठा जरा घटला की पहिला फटका त्यांना बसतो. अशा रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या तुकड्याची स्लाइड पाहिली तर नलिकांच्या पेशींवरची झुबक्यासारखी किनार गेलेली दिसते, काही पेशी फुगून फिक्या झालेल्या असतात, काहींचे केंद्रक आक्रसून गडद निळा ठिपका उरलेला असतो, तर काहींत केंद्रक विरून फक्त गुलाबी आकार राहिलेला असतो. सुटलेल्या पेशी नलिकेच्या पोकळीत तपकिरी लगद्यात अडकून पडतात आणि लघवीची वाट बंद करतात. परतीची इजा आणि मृत्यू या दोन्ही अवस्था तिथे एकाच नलिकेत शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि पुस्तकातील वेगळ्या चित्रांपेक्षा ही एक स्लाइड विद्यार्थ्याला जास्त शिकवते, असे मला मनापासून वाटते.

त्याच स्लाइडवर बारकाईने पाहिले तर आणखी एक प्रकारचा मृत्यू दिसतो. एखादीच पेशी शेजारणींपासून अलग होऊन आटते, तिचे केंद्रक रेखीव तुकड्यांत मोडते, आवरण मात्र फाटत नाही आणि भोवती दाहाच्या पेशी जमत नाहीत. १९७२ साली कर, विली आणि करी या तीन संशोधकांनी या मृत्यूला ॲपॉप्टोसिस असे नाव देऊन त्याचे वर्णन केले. नेक्रोसिसमध्ये पेशी फुटते, आतला माल बाहेर सांडतो आणि परिसर पेटतो. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी स्वतःची कॅस्पेज नावाची एन्झाइमे वापरून आवराआवर करते आणि शेजारच्या पेशी तुकडे गिळून टाकतात. इजा फार मोठी असेल आणि एटीपी संपलेले असेल तर ही आवराआवरही जमत नाही, कारण तिलाही ऊर्जा लागते.

नलिकांच्या पेशी मेल्या तरी त्यांच्याखालचा पडदा शाबूत असेल तर उरलेल्या पेशी विभागून रिकामी जागा भरतात, आणि डायलिसिसवर काढलेल्या दोन-तीन आठवड्यांनंतर लघवी वाढू लागते. नातेवाईकांना मी हे आवर्जून सांगते, कारण डायलिसिस हा शब्द ऐकला की घरात सगळे संपल्यासारखे वातावरण होते. पण काही रुग्णांत फायब्रिनच्या बारीक गुठळ्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागातील वाहिन्या आणि ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, भरून टाकतात. रक्ताच्या साध्या स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबावर) तेव्हा तांबड्या पेशींचे शिरस्त्राणासारखे, टोकदार तुकडे दिसतात, कारण धाग्यांच्या जाळीतून जाताना त्या कापल्या गेलेल्या असतात. प्लेटलेट घटलेल्या आणि मूत्रपिंड मंदावल्याचे दाखवणारे क्रिॲटिनिन चढत असताना स्मिअरवर हे तुकडे दिसले, तर लॅबने अहवालाची वाट न पाहता वॉर्डात फोन करावा. त्या भागाचा सलग नेक्रोसिस झाला तर तिथले ग्लोमेरुलस पुन्हा तयार होत नाहीत आणि लघवी परत येण्याची आशा फार थोडी उरते.

प्रतिविषाची मर्यादाही इथेच कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावरचे सीरम तयार केले. आजचे भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकत्र काम करते. ते रक्तात फिरणारे विष बांधून टाकते आणि त्यामुळे गोठण्याची साखळी थांबते. जी पेशी परतीच्या वाटेवर आहे ती वाचते, जी मेली आहे ती मेलेलीच राहते. म्हणून पहिल्या तासात आलेल्या आणि आठव्या तासात आलेल्या रुग्णाला सारखेच प्रतिविष दिले तरी त्यांचे मूत्रपिंड सारखे वागत नाही. शिवाय या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुला या आदिवासी समाजातील साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते आणि घोणसाच्या विषाची घडण प्रदेशागणिक बदलते. कोकणातील किंवा विदर्भातील घोणसाच्या विषावर ते किती प्रभावी ठरते, हा अभ्यास इथल्या संस्थांनी सातत्याने करत राहायला हवा. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली असा अंदाज आहे आणि त्यांत शेतात राबणारी माणसे सर्वाधिक आहेत.

रुग्ण घरी जातो तेव्हा नळीतले रक्त घट्ट गोठलेले असते, म्हणून सगळे निर्धास्त होतात. तरी डिस्चार्ज कार्डावर तीन महिन्यांनी क्रिॲटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब पुन्हा पाहावा असे लिहिलेले असावे, कारण ग्लोमेरुलस कमी झालेले मूत्रपिंड हळूहळू आणि न बोलता खचते. काही रुग्णांत दंशाच्या वेळी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत रक्तस्राव किंवा गुठळी होऊन तिच्या पेशी मेलेल्या असतात. महिन्यांनंतर, कधी वर्षांनंतर असा माणूस सतत थकवा येतो, थंडी वाजते, रक्तदाब कमी राहतो अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येतो, आणि जुना दंश कोणी विचारला नाही तर त्याला नुसती टॉनिके मिळत राहतात. अशा माणसाची कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची तपासणी करून योग्य हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, तर काही आठवड्यांत तो पुन्हा शेतावर उभा राहू शकतो.